वर्गमूळाच्या राशी सोडवताना मी कुठे अडले

बीजगणितात मला सगळ्यात जास्त छळलं ते वर्गमूळ असलेल्या राशींनी. नियम पाठ होते, गणितं सुटायचीही, पण स्वतःच्या उत्तरावर भरवसा नसायचा. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर जुळलं की मगच जीव भांड्यात पडायचा. आज ज्यांची हीच अवस्था आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एका चाचणीत √(क्ष² + ९) चं मी बिनदिक्कत क्ष + ३ केलं आणि पुढचं अख्खं गणित त्यावर रचलं. पेपर परत आला तेव्हा समासात एवढंच लिहिलेलं होतं: "क्ष = ४ ठेवून बघ." ठेवलं. मूळ राशी √२५, म्हणजे ५. माझी राशी ७. तोवर 'सोपं रूप द्या' याचा अर्थ मी 'छोटं करा' असा घेत होते. खरी अट वेगळीच आहे. अक्षराच्या जागी चालणारी कुठलीही किंमत घाला, आधीची आणि नंतरची राशी सारखीच निघाली पाहिजे. वर्गमूळ गुणाकारावर वाटून देता येतं (दोन्ही संख्या ऋण नसतील तर), बेरजेवर नाही. तेव्हापासून प्रत्येक उत्तरात एक किंमत घालून बघायची सवय लागली. अर्धं मिनिट जातं, पण चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

संख्यांचा भाग सरावाने येतो. √७२ दिसलं की मी आधी ४ × १८ करायचे आणि २√१८ वर थांबायचे. मोठ्यात मोठा पूर्ण वर्ग शोधा: ३६ × २, म्हणून ६√२. मग √५० + √१८ − √८ मध्ये ५√२, ३√२ आणि २√२ या सरूप करण्या (मुळाखाली एकच संख्या असलेल्या राशी) दिसतात आणि उत्तर ६√२ येतं.

छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातलं वर्गमूळ घालवणं, मी बरीच वर्षं यंत्रासारखं केलं. १/√२ चं √२/२ का करायचं, हे हाताने भागाकार करून पाहिल्यावर कळलं: १ ला १.४१४२ ने भागण्यापेक्षा १.४१४२ ला २ ने भागणं कितीतरी सोपं. पण दरवेळी छेदच मोकळा करायचा असं नाही. √(क्ष + १) − √क्ष घ्या. अनुबद्ध राशीने (तीच दोन पदं, मधलं चिन्ह उलट: √(क्ष + १) + √क्ष) गुणून-भागून ते १/(√(क्ष + १) + √क्ष) होतं, म्हणजे मूळं उलट छेदात जातात. क्ष = १०,००० ठेवा आणि √१०००१ तीन दशांश स्थळांपर्यंत १००.००५ धरा. सरळ वजाबाकीने ०.००५ मिळतं. दुसऱ्या रूपाने १/२००.००५, म्हणजे ०.००४९९९८७५, जे खऱ्या किमतीच्या फार जवळ आहे. कुठलं रूप सोपं, हे पुढे त्याचं काय करायचंय यावर ठरतं.

आता ज्या जागी हुशार मुलंही घसरतात, ती जागा. √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, क्ष चं केवलमूल्य, म्हणजे ऋण चिन्ह असेल तर ते सोडून उरणारी किंमत; ती |क्ष| अशी उभ्या रेघांत लिहितात. वर्गमूळाचं चिन्ह कायम धन मूळ, किंवा शून्य, दाखवतं. √(क्ष² − ६क्ष + ९) हे √((क्ष − ३)²) आहे हे ओळखलं की हात लगेच क्ष − ३ लिहायला सरसावतो. क्ष = १ ठेवा. मूळ राशी √४ = २, आणि क्ष − ३ म्हणजे −२! म्हणून उत्तर |क्ष − ३|. गणितात 'क्ष ≥ ३' असं दिलेलं असेल तरच उभ्या रेघा पुसून क्ष − ३ लिहा. ती अट शोभेला दिलेली नसते. मी ती वाचतच नव्हते.

याच जागेवरचं माझं आवडतं गणित: √(क्ष + ५ − ४√(क्ष + १)). बराच वेळ मी याच्याकडे नुसती बघत बसले होते. मग क्ष + ५ चे (क्ष + १) + ४ असे दोन तुकडे केले आणि आत (√(क्ष + १) − २)² दिसला. उत्तर |√(क्ष + १) − २|. क्ष ३ किंवा त्याहून मोठा असेल तर √(क्ष + १) − २, आणि −१ पासून ३ पर्यंत २ − √(क्ष + १). क्ष = ० ठेवून तपासा: मूळ राशी √१ = १, आणि २ − १ = १.

मुळाच्या पोटातलं मूळ सोडवणं जुनं आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी १० + √२४ + √४० + √६० चं वर्गमूळ काढायला सांगितलं होतं. उत्तर √२ + √३ + √५. वर्ग करून बघा: २ + ३ + ५ चे १० होतात, आणि २√६, २√१०, २√१५ हेच अनुक्रमे √२४, √४०, √६०.