महाद्वाराच्या पायरीवरून: इतिहास आणि श्रद्धेविषयी वेगळ्या बाजूने बोलणारा पॉडकास्ट कसा तयार करावा

इतिहास, धर्म आणि संस्कृती यांवर पॉडकास्ट करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला ‘वेगळा दृष्टिकोन’ म्हणजे रूढ मताच्या नेमके उलट बोलणे असे वाटत असते, आणि त्यामुळे पहिल्याच भागात तो कोणाला तरी खोटे पाडायला निघतो. प्रत्यक्षात उभे राहण्याची जागा बदलली, की तीच कथा वेगळी ऐकू येऊ लागते. ही जागा कशी शोधावी, तिथे काय तपासावे आणि जे हाती लागेल ते श्रोत्यांच्या कानांपर्यंत कसे न्यावे, हे येथे एकाच उदाहरणाच्या आधाराने सांगितले आहे. उदाहरण पंढरपूरचे आहे. विठ्ठलावर एक संपूर्ण मालिका करण्याचा मोह सोडून, सुमारे वीस मिनिटांचा एकच भाग तयार करायचा आहे असे धरून चालावे.

पहिले काम विषय आकुंचित करण्याचे आहे. ‘वारकरी संप्रदायाचा इतिहास’ हा पॉडकास्टच्या एका भागाचा विषय होऊ शकत नाही. महाद्वारासमोरची चोखामेळ्यांची समाधी होऊ शकते. मंदिराच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. गाभाऱ्यात उभे राहून सांगितलेले पंढरपूर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याच देवळाकडे या समाधीपासून पाहिले, तर आत कोण जाऊ शकत होते आणि कोण नाही, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्तांना शतकानुशतके याच ठिकाणी थांबून कळसाला हात जोडावे लागत होते. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, त्यानंतर मंदिराचे दार या भक्तांसाठी उघडले. दोन-चार पावलांचे अंतर ओलांडायला सहा शतकांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट त्या जागी उभे राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

जागा ठरली की आपला प्रश्न एका वाक्यात लिहून टेबलासमोर लावावा. उदाहरणार्थ, ‘चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर का आहे, आणि ती तिथे आहे याचा अर्थ वेगवेगळ्या लोकांनी काय लावला?’ या वाक्यात न बसणारी माहिती कितीही रंजक असली तरी वगळावी. पंढरपूरच्या बाबतीत हे विशेष अवघड जाते, कारण तिथल्या प्रत्येक दगडाला एक कथा चिकटलेली आहे.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. एक वही घेऊन तिच्यात चार रकाने आखावेत: आजही डोळ्यांनी दिसते ते, त्या काळाच्या लेखनात सापडते ते, नंतरच्या काळात सांगितले गेले ते आणि आपण स्वतः जोडलेले अनुमान. प्रत्येक विधान यांपैकी एकाच रकान्यात बसले पाहिजे.

चोखोबांच्या मृत्यूची कथा या वहीत घालून पाहावी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली, तिच्याखाली चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले, आणि हे शके 1260 मध्ये, म्हणजे 1338 मध्ये घडले, असे परंपरा मानते. पुढे नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातल्या हाडांपैकी चोखोबांची कोणती हे कळेना, तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी ओळखली आणि पंढरपुरी आणून महाद्वारासमोर समाधी दिली, असे सांगितले जाते. समाधी पहिल्या रकान्यात जाईल. हाडांची कथा तिसऱ्या रकान्यात जाईल, परंतु तेवढ्याने ती कमी दर्जाची ठरत नाही. ओळख पटवण्यासाठी डोळ्यांऐवजी कान वापरणारी ही कथा ध्वनिमाध्यमासाठी जणू आयतीच चालून आली आहे. ती पूर्ण सांगावी, घाई न करता सांगावी, आणि तिच्या शेवटी ही परंपरेने जपलेली कथा आहे असे स्वच्छ शब्दांत म्हणावे. मग आपला प्रश्न विचारावा: मेलेल्या माणसाच्या हाडांतून निघणारे नाम ऐकण्याची तयारी असलेल्या समाजाने त्याच माणसाला जिवंतपणी उंबऱ्याच्या बाहेर का ठेवले? हा प्रश्न चौथ्या रकान्यातला, म्हणजे आपला आहे, हेही श्रोत्याला कळले पाहिजे.

ग्रंथांचा काळ मोजण्याची सवय येथे फार उपयोगी पडते. महिपतींनी ‘भक्तविजय’ हा संतचरित्रांचा ग्रंथ 1762 मध्ये पूर्ण केला, म्हणजे चोखोबांच्या निधनाचे परंपरागत वर्ष आणि हा ग्रंथ यांमध्ये 424 वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे महिपतींची कथा अठराव्या शतकातील भाविकांना चोखोबा कसे दिसत होते याचा उत्तम पुरावा आहे; चौदाव्या शतकाविषयी ती तितक्या खात्रीने बोलू शकत नाही. ब्रिटिश काळातील सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर 1884 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात माहिती पुष्कळ मिळते, मात्र ती महसूल आणि बंदोबस्त पाहणाऱ्या सरकारच्या गरजेतून गोळा झालेली आहे, हे भान सुटू देऊ नये.

लेखी पुरावासुद्धा श्रद्धेपासून अलिप्त राहत नाही, याचे मला आवडणारे उदाहरण याच देवळात आहे. ‘चौऱ्यांशीचा लेख’ या नावाने ओळखला जाणारा शिलालेख 1273 ते 1277 या काळातला, यादव राजा रामचंद्रदेवाच्या राजवटीतला असून त्यात देवळाला दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी समजूत रूढ झाली, आणि भाविकांच्या पाठींनी अक्षरे झिजली. पुराभिलेखाच्या अभ्यासकाला हे नुकसान वाटेल. श्रद्धेचा इतिहास सांगणाऱ्याला मात्र ती झीजही वाचता आली पाहिजे. वरच्या प्रश्नात हे बसत नाही म्हणून मी ते या भागात घेणार नाही, पण दुसऱ्या भागासाठी वहीत नक्की ठेवीन.

आता कोणाचे आवाज आपल्या कथेत नाहीत ते शोधावे. चोखोबांच्या घरात अभंग रचणारे ते एकटे नव्हते: पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा यांच्या नावावरही अभंग आहेत. त्यांतही कर्ममेळ्याचा सूर वडिलांपेक्षा अधिक कडवट लागतो, आणि एका घरातल्या दोन पिढ्यांमधला हा फरक श्रोत्याला कुठल्याही व्याख्यानापेक्षा अधिक सांगून जातो. मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रेची कथा शेजारी ठेवून पाहावी. गणिकेच्या पोटी जन्मलेली ही स्त्री बिदरच्या बादशहाची मागणी टाळण्यासाठी विठ्ठलाच्या पायांशी आली आणि तिथेच तिने प्राण सोडले, असे परंपरा सांगते. तिचे स्थान देवळाच्या आवारात, दक्षिणेच्या दारापाशी आहे. एकाच गावातून सुमारे पंचवीस किलोमीटर चालून आलेले दोन भक्त, एक आत आणि एक बाहेर, एवढ्या एका तुलनेवर भागाची अर्धी बांधणी उभी राहू शकते.

स्त्रियांचा आवाज शोधायचा तर जात्यावरच्या ओव्यांना पर्याय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’ या संकेतस्थळावर मूळ गायिकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. त्या ओव्यांतला विठ्ठल तत्त्वज्ञानाचा विषय नसून घरातला पुरुष आहे. रुक्मिणी जनीवरून त्याच्यावर रुसते आणि दळणारी बाई तिची बाजू घेते. पोथीत न सापडणारे हे पंढरपूर आहे.

चोखोबांकडे पाहण्याची एकच दलित दृष्टी आहे, असेही समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला 1948 मधील ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. तरीही 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध घरांतून चोखोबांचे स्मरण मागे पडले, कारण दाराबाहेर उभे राहून केलेली विनवणी त्यांना आपल्या लढ्याची भाषा वाटेनाशी झाली. वारकरी फडावरचा कीर्तनकार आणि आंबेडकरी चळवळीतला कार्यकर्ता हे दोघेही चोखोबांविषयी आदराने बोलतील आणि तरीही परस्परांशी सहमत होणार नाहीत. या मतभेदाचा निवाडा निवेदकाने देऊ नये. दोघांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत पुरेसा वेळ देऊन ऐकवावे.

त्यासाठी माणसांना भेटावे लागेल. मुलाखतीला जाताना प्रश्नांची यादी जवळ असावी, पण ती समोर धरून वाचू नये. वारकऱ्याला ‘माउली’ म्हणावे, ओव्या सांगणाऱ्या वृद्धेला तिच्या गावात चालते तसे ‘आजी’ किंवा ‘मावशी’ म्हणावे, आणि पहिली दहा मिनिटे यंत्र बंद ठेवून पिकापाण्याची, मुलाबाळांची विचारपूस करावी. ‘तुमची श्रद्धा का आहे?’ या प्रश्नाने माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘पहिल्यांदा पंढरपूरला गेलात तेव्हा कोणाबरोबर गेला होता?’ असे विचारले तर तो बोलता होतो. रेकॉर्डिंग सुरू होताच नाव, गाव आणि ‘हे प्रसारित करायला माझी हरकत नाही’ एवढे त्यांच्याच तोंडून घ्यावे. एका मुलाखतीनंतर एका आजींनी चार दिवसांनी निरोप पाठवून आपल्या सासरविषयीचे दोन मिनिटांचे बोलणे काढून टाकायला सांगितले. ते त्या भागातले सर्वांत चांगले बोलणे होते आणि मी ते काढले.

तांत्रिक बाजू लोक समजतात तेवढी खर्चिक नाही. सुरुवातीला चांगला फोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. घरात निवेदन करताना पंखा बंद ठेवावा आणि गादी, गोधड्या किंवा कपड्यांचे कपाट जवळ असलेली खोली निवडावी, म्हणजे आवाज घुमत नाही. नदीकाठच्या वाळवंटात वारा असतोच. माइकवर स्पंजचे टोपण नसेल तर चंद्रभागेऐवजी नुसती फडफड ऐकू येते. प्रत्येक जागी कोणीही बोलत नसताना एक मिनिट नुसता परिसराचा आवाज टिपावा, तो संपादनात सांधे झाकायला लागतो. आषाढीच्या दिवशी मुलाखती घेण्याचा प्रयत्न करू नये; गर्दीचा गजर तेवढा त्या दिवशी टिपावा आणि माणसांशी एरवी बोलावे. मंदिराच्या आत रेकॉर्डिंग करण्यासाठी समितीची परवानगी आधी घ्यावी.

संहिता कानांसाठी लिहावी. निवांत मराठी निवेदनात मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात, म्हणून मुलाखतींचे तुकडे धरून वीस मिनिटांच्या भागाला स्वतःचे निवेदन बाराशे-तेराशे शब्दांपलीकडे नेऊ नये. आकडे कमी ठेवावेत, शकाचे आणि इसवी सनाचे वर्ष एकाच वाक्यात देऊ नये, आणि पुराव्याचा रकाना दाखवणारे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच आणावेत: ‘समाधीवर आज दिसते ते असे’, ‘महिपती सांगतात ते असे’, ‘मला वाटते ते असे’. वाचणाऱ्याला मागे जाऊन तळटीप पाहता येते, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. अभंग म्हणताना चाल येत नसेल तर गाऊ नये, सावकाश वाचावा.

श्रद्धेविषयी बोलताना कुत्सितपणा शब्दांपेक्षा आवाजात आधी उतरतो. ‘म्हणे’ हा एक शब्द स्वराच्या किंचित फरकाने आदराचा किंवा टिंगलीचा होतो, म्हणून पहिले रेकॉर्डिंग एखाद्या श्रद्धाळू आणि एखाद्या अश्रद्ध अशा दोन्ही ओळखीच्या माणसांना ऐकवावे. दोघांनाही एकाच वाक्यावर ठेच लागली, तर ते वाक्य बदलावे. धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्टाव्याने दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा आहे. सप्रमाण आणि सभ्य मांडणी ही वेगळी गोष्ट असली, तरी प्रत्येक विधानामागचा आधार वहीत तयार असणे केव्हाही बरे.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, परंतु एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका त्याच्या कंपनीची असते आणि भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. लेखकाच्या लिखाणाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे असतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनातले उतारे आता मोकळेपणाने वाचता येतात. पार्श्वसंगीतासाठी ओळखीच्या मृदंगवादकाला बोलावून पाच मिनिटे वाजवून घेणे हा उत्तम मार्ग आहे. त्याला मानधन आणि श्रेय दोन्ही द्यावे.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. सगळे आवाज एका पातळीवर आणून, अंतिम ध्वनिफीत सुमारे उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) इतक्या पातळीला ठेवावी, म्हणजे श्रोत्याला मध्येच आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. बोलण्यातले विराम सगळेच कापू नयेत; आजींनी ओवी आठवताना घेतलेला श्वास राहू द्यावा.

भाग प्रसिद्ध करताना वर्णनात मुलाखत देणाऱ्यांची श्रेयनामे आणि वापरलेल्या ग्रंथांची नावे द्यावीत. चूक दाखवणारे पत्र आले, तर मूळ ध्वनिफीत गुपचूप बदलू नये. कोणत्या मिनिटाला काय चुकले, बरोबर काय आहे आणि ते कोणी लक्षात आणून दिले, हे पुढच्या भागाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगावे, आणि तीच ओळ जुन्या भागाच्या वर्णनातही जोडावी.