इनामगावचा चार पायांचा रांजण हाताने घडवताना

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात (१९६८–८३) कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा, चार पायांचा रांजण निघाला. आत माणूस बसवून पुरलेला. हाताने घडवायला शिकणाऱ्याने तिथल्याच जोर्वे भांड्यांऐवजी (ताम्रपाषाण काळातली रंगवलेली भांडी) हा नमुना घ्यावा. ती भांडी चाकावरची; त्यांच्या पोटाची धारदार कड वळ्यांनी (मातीच्या लांब दोऱ्या एकावर एक रचून) साधणं नवख्याला जड जातं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू आहेत, त्या डोळे भरून पाहाव्यात. मापं मात्र उत्खननाच्या अहवालांतल्या रेखाटनांवरून घ्यावीत. त्यांत एका बाजूला भांड्याचं बाहेरचं रूप, दुसऱ्या बाजूला भिंतीचा छेद असतो. फोटोवरून जाडी कळत नाही.

मूळ रांजण भाजलेलाच नव्हता. आपण भाजणार, म्हणून भिंत एक सेंटिमीटरच्या वर नको. टेराकोटा मातीत २० टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) मळून घ्या. आधी याच मातीच्या ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारून पट्टी वाळवून भाजून बघा. रेघ ९ सेंमी भरली, तर २७ सेंमीच्या भांड्यासाठी ओलं ३० सेंमी घडवावं लागेल. एवढ्याला साधारण ५ किलो माती लागते.

पोट बोटभर जाड वळ्यांनी चढवा. तीन-चार वळ्या झाल्या की त्या थोड्या घट्ट होईपर्यंत थांबा, नाहीतर फुगवटा खाली बसतो.

खरा घोळ पायांचा. पोट आणि पाय दोन्ही लेदर-हार्ड (अर्धवट वाळून चामड्यासारखे घट्ट) असतानाच जोडावेत. घट्ट पोटाला ओले पाय लावले की पाय जास्त आकसतात आणि सांध्यावर गोल तडा जातो. भांडं फोमवर उलटं ठेवा, दोन्हीकडे खाचा पाडून स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा, सांध्याभोवती बारीक वळी दाबून बसवा. पाय पोकळ ठेवून आतून सुईने भोक पाडा. भट्टीत पाय फुटतो तो कोंडलेल्या हवेपेक्षा उरलेल्या ओलाव्याच्या वाफेने. भोकामुळे आतली बाजूही वाळते.

वाळवताना खाली वर्तमानपत्र आणि त्यावर वाळू पसरा. पाय बोर्डाला चिकटले तर वर पोट आकसतं, पाय जागचे हलत नाहीत आणि सांधा उकलतो. प्लास्टिक सैल झाकून निदान दहा दिवस द्या, पावसाळ्यात दुप्पट.

भट्टी पहिले चार-पाच तास १०० अंशांखाली ठेवा, ६०० पर्यंत सावकाश न्या, १००० ला थांबवा. उतरतानाही ५७३ च्या आसपास झाकण उघडू नका, तिथे मातीतला क्वार्ट्झ (गारेचे कण) आकार बदलतो. भाजल्यावर भांडं डुगडुगलं, तर लांब पडलेला पाय सहाणेवर पाणी घालून घासा.