थायरॉइडच्या रिपोर्टात मायक्रोआरएनए आलं तर ते वाचायचं कसं

गळ्याला गाठ लागली की पुढचं ठरलेलंच असतं, नाशिकात शरणपूर रोडला नाहीतर कॅनडा कॉर्नरला सोनोग्राफी, मग एफएनएसी म्हणजे सुईने थोड्या पेशी काढून तपासायच्या, आणि रिपोर्ट यायच्या आधीच घरातलं कोणीतरी गूगलवर काहीबाही वाचून सगळ्यांचा जीव टांगणीला लावतं.

तर आधी मायक्रोआरएनए बाजूला ठेवा आणि रिपोर्टात बेथेस्डा, म्हणजे सुईच्या तपासणीत गाठीला दिलेला एक ते सहामधला नंबर, कितवा आलाय ते बघा. एक म्हणजे सॅम्पल पुरेसं नाही, सुई बहुतेक परत लागेल. दोन म्हणजे गाठ साधी. पाच म्हणजे दाट संशय, सहा म्हणजे कॅन्सर. खरी पंचाईत तीन आणि चारची, तिथे नुसत्या पेशी बघून नक्की सांगता येत नाही, म्हणून काही ठिकाणी मॉलिक्युलर टेस्ट करतात आणि त्यातच जीनमधले बदल आणि मायक्रोआरएनए दोन्ही येतात. नाशिकच्या सगळ्या लॅबमध्ये ही टेस्ट होते असं धरून चालू नका, आधी फोन करून विचारा.

आता हे मायक्रोआरएनए करतं काय, तर साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा छोटासा तुकडा असतो, त्यापासून प्रोटीन बनत नाही, उलट दुसऱ्या प्रोटीनचं बनणं तो अडवतो. सातपूर एमआयडीसीत जॉब कार्ड मशीनवर पोचायच्या आधीच सुपरवायझरने दाबून ठेवलं तर पार्ट कुठून निघणार, तसंच. (हे पहिल्यांदा १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात सापडलं आणि त्यासाठी अँब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांना २०२४ चं नोबेल मिळालं!)

म्हणून नाव दिसलं की लगेच दोन गोष्टी बघायच्या, ते वाढलंय की कमी झालंय, आणि ते कोणाला दाबतं. पॅपिलरी कॅन्सरमध्ये, म्हणजे थायरॉइडच्या सगळ्यात कॉमन कॅन्सरमध्ये, मिर-२२१ आणि २२२ (मिर म्हणजे मायक्रोआरएनएच, पुढे त्याचा नंबर) बहुतेक वेळा वाढलेले असतात आणि ते पी२७ ला दाबतात. पी२७ हा पेशी वाढण्यावरचा ब्रेक, तो ढिला पडला की पेशी वाढतच सुटतात. मिर-१४६बी पण वाढतं, ते स्मॅड४ या निरोप पोचवणाऱ्या प्रोटीनला दाबतं, मग टीजीएफ-बीटा या बाहेरून इशारा देणाऱ्या प्रोटीनकडून येणारा ‘थांबा’ हा निरोप पेशी नीट ऐकत नाही. लेट-७ या मायक्रोआरएनएचं उलटं आहे बरं का, ते कॅन्सर वाढवणाऱ्या रास जीनलाच दाबून ठेवतं, त्यामुळे तिथे कमी होणं वाईट. अॅनाप्लास्टिक म्हणजे सगळ्यात आक्रमक प्रकारात मिर-२०० चं कुटुंब कमी होतं आणि पेशी एकमेकींना सोडून पसरायला लागतात. मेड्युलरी कॅन्सर वेगळ्याच पेशींतून होतो, तिथे मिर-३७५ वाढलेलं दिसतं.

पण एक आकडा वाढला म्हणून ऑपरेशनची तारीख घेऊन मोकळं होऊ नका. बीआरएएफसारखा जीन बिघडला तरी त्याच्यामागून हे आकडे हलतात, त्यामुळे सोनोग्राफी, बेथेस्डा आणि जीनचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच डॉक्टरांना विचारा, मी तरी एकट्या मायक्रोआरएनएवर काही ठरवणार नाही.

आणि लॅबमधून नुसता कागद घेऊन येऊ नका, स्लाइडसुद्धा मागून घ्या, त्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत मिळतात, काचेच्या कडेला पेन्सिलने लिहिलेला नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतो का तेवढं काउंटरवरच बघा. मुंबईला टाटात दाखवायला गेलात तर त्या लागतातच, शिवाय मायक्रोआरएनए लांबीला कमी असल्यामुळे लवकर तुटत नाही, रंग दिलेल्या जुन्या स्लाइडवरूनही ते काढता येतं, त्यामुळे कधीकधी परत सुई टोचायची वेळच येत नाही.