स्थानिक स्पर्धेत पारलिंगी खेळाडूंसाठी नियम कसा लिहावा

पुण्यात थंडी पडू लागली की जवळजवळ दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते, आणि प्रवेशअर्जातला ‘पुरुष / स्त्री’ हा रकाना बहुतेक आयोजक गेल्या वर्षीच्या अर्जावरून जसाच्या तसा उतरवून घेतात. नियम ठरवायचा तो नोंदणी सुरू होण्यापूर्वी. बक्षीस समारंभाच्या मांडवात तक्रार आल्यावर केलेला नियम एकाच व्यक्तीसाठी केलेला असतो.

आधी संलग्नता पाहावी. शर्यतीची वेळ जागतिक क्रमवारीत धरली जाणार असेल, तर आयोजकाच्या हाती फारसे काही उरत नाही. वर्ल्ड ॲथलेटिक्स या ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने ३१ मार्च २०२३ पासून, पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स (पारलिंगी) स्त्रियांना अशा स्पर्धांच्या महिला गटातून वगळले आहे. त्यामागचे कारण माहितीपत्रकात द्यावे : वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे उंची, स्नायू आणि हिमोग्लोबिन वाढते, अव्वल धावपटूंमध्ये स्त्री-पुरुषांच्या वेळांत सुमारे १० ते १२ टक्क्यांचे अंतर पडते, आणि टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या उपचारांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरले तरी हाडांची लांबी तशीच राहते. उपचार घेतलेल्या ट्रान्स खेळाडूंवरचे अभ्यास मात्र थोडे आहेत, हा या बंदीच्या विरोधकांचा आक्षेपही तिथेच नोंदवावा. (बुद्धिबळात स्नायूंचा संबंध नसतानाही फिडे या जागतिक महासंघाने ऑगस्ट २०२३ मध्ये पुढील निर्णयापर्यंत ट्रान्स स्त्रियांना अधिकृत महिला स्पर्धा बंद केल्या, ते मला पटलेले नाही.)

सोसायटीच्या किंवा मंडळाच्या पाच किलोमीटरला, जिथे सगळ्यांना सारखेच पदक आणि टी-शर्ट मिळतो, तिथे खेळाडूने स्वतः सांगितलेले लिंग पुरेसे मानावे. पहिल्या तिघींना रोख बक्षीस असेल, तर वर्ल्ड ॲथलेटिक्सचा पात्रतेचा नियम लावणे मला न्याय्य वाटते, मात्र तसे अर्जावर ठळक छापलेले हवे. वेगळा तिसरा गट ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात बहुधा एकच खेळाडू असतो आणि निकाल भिंतीवर लागताच त्याची ओळख गावभर होते.

चेहरा, केस किंवा आवाज यांवरून आलेली तक्रार स्वीकारू नये. धावपटू शांती सौंदराजन यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले आणि धावपटू द्युती चंद यांना २०१४ मध्ये भारतीय संघातून वगळण्यात आले. दोघीही पारलिंगी नव्हत्या. तक्रार लेखी असावी, ती दोनच नेमलेल्या व्यक्तींनी वाचावी, आणि बिब (छातीवर लावायचा क्रमांक) देताना खेळाडूला त्याने अर्जात लिहिलेल्या नावानेच हाक मारावी.