अनडिफाइन्ड सिम्बॉल आला की काही इन्स्टॉल करायच्या आधी हे बघा

पायथनसाठी सी किंवा फोरट्रानमध्ये एक्स्टेन्शन (पायथनमधून इम्पोर्ट करायचं मॉड्यूल) लिहिलं, कंपाईल झालं, एक वॉर्निंगपण नाही, आणि इम्पोर्ट केल्या केल्या अनडिफाइन्ड सिम्बॉल, डीजेम अंडरस्कोर, म्हणजे मॅट्रिक्स गुणाकाराचं हे फंक्शन कुठे सापडलंच नाही. मग आपण काय करतो, तर दिसेल ते इन्स्टॉल करत सुटतो. मी कोथरूडच्या रूमवर एका रात्रीत ॲप्टने ओपनब्लास, कॉन्डाने एमकेएल (दोन्ही असलंच गणित करणाऱ्या लायब्रऱ्या) आणि वर पिपने परत नमपाय असं सगळं टाकलं, आणि सकाळी जे आधी चालत होतं तेपण बंद.

प्रोग्रॅम चालवताना लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर म्हणजे सदाशिव पेठेतल्या वाड्यात आलेला नवा पोस्टमन. वाड्यात दोन जोशी असले तर जो पहिला भेटेल त्याच्या हातात पत्र देऊन मोकळा. लिनक्सवर एकाच नावाचं फंक्शन दोन लायब्रऱ्यांत असेल तर साधारण जी आधी लोड झाली तिचं वापरलं जातं, आणि कोणी बोंब मारत नाही.

तर आधी तुमच्या डॉट एसओ फाईलवर (कंपाईल होऊन बनलेलं एक्स्टेन्शन) एलडीडी चालवा, तिला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते ही कमांड दाखवते. नॉट फाउंड दिसलं तर पाथचा घोळ. पण ओपनब्लासचं नावच यादीत नसेल तर ती लिंकच झाली नाहीये. शेअर्ड लायब्ररी बनवताना लिंकर अपुरे सिम्बॉल चालवून घेतो, म्हणून कंपाईल करताना सगळं गोड दिसतं. उबंटूवर हे हमखास होतं, कारण तिथे जीसीसी गरज न दिसलेली लायब्ररी गाळतो, आणि कमांडमध्ये डॅश एल ओपनब्लास हे ऑब्जेक्ट फाईलच्या आधी लिहिलं असेल तर त्या क्षणी त्याला गरज दिसतच नाही. शेवटी लिहा, निम्म्या वेळा एवढ्यानेच सुटतं.

तरी नाही सुटलं तर एनएम डॅश डी लावा, ही कमांड फाईलमधली नावं दाखवते, यू अक्षर म्हणजे हे नाव बाहेरून हवंय. फोरट्रानचा कंपायलर जीफोरट्रान फंक्शनच्या नावाला शेवटी अंडरस्कोर लावतो, सीमधून बोलावताना तो विसरला की झालं.

जीएलआयबीसीएक्सएक्स व्हर्जन नॉट फाउंड आलं तर प्रकार वेगळा, सिस्टीमच्या नव्या जीसीसीने कंपाईल केलंय आणि चालवताना कॉन्डाची जुनी सी प्लस प्लस लायब्ररी उचलली जातीय. त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये कॉन्डा फोर्जचं कंपायलर्स पॅकेज टाकून त्यानेच परत कंपाईल करा. बॅशआरसीमध्ये एलडी लायब्ररी पाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) टाकायचा सल्ला सगळीकडे मिळेल, पण नका टाकू, त्याने बाकीचे प्रोग्रॅमपण त्याच फोल्डरमध्ये शोधायला लागतात. लिंक करतानाच आरपाथ द्या, म्हणजे शोधायची जागा फक्त त्या फाईलमध्येच लिहिली जाते. क्लस्टरवर असाल तर मॉड्यूल लिस्ट बघा, जुनी मॉड्यूल्स हाच पाथ गुपचूप भरून ठेवतात.

सगळ्यात वाईट म्हणजे एरर न येता उत्तर चुकणं किंवा सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम मध्येच पडणं). एमकेएलच्या आयएलपी६४ प्रकाराला ८ बाइटचा इंटिजर लागतो, एलपी६४ प्रकाराला ४ चा, आणि फंक्शनची नावं बहुतेक तीच. हे एनएमला दिसत नाही, लिंक लाइन स्वतःच वाचावी लागते. ओएमपी एरर १५ आली म्हणजे दोन ओपनएमपी रनटाइम (काम अनेक कोअरवर वाटणाऱ्या लायब्रऱ्या) एकत्र आलेत, केएमपी डुप्लिकेट लिब ओके हे व्हेरिएबल ट्रू करून ती नुसती गप्प बसते, एक रनटाइम काढा.

आणि नमपाय २.० (जून २०२४) च्या आधीच्या नमपायवर, त्याचं सी एपीआय वापरून कंपाईल केलेलं एक्स्टेन्शन २ वर चालत नाही. परत बनवताना बिल्ड फोल्डर आधी उडवा, नाहीतर जुनीच ऑब्जेक्ट फाईल परत लिंक होते आणि तुम्ही नवीन कोडमध्ये चूक शोधत बसता.