नोट ब्लॉकवर भुलाबाईचं गाणं बसवताय? या चुका टाळा

जानेवारी २०११ मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या. प्लेस्टेशन ३ वर लिटलबिगप्लॅनेट २ हा खेळ आला. त्यात लेव्हल बनवणाऱ्यांना तयार म्युझिक सिक्वेन्सर मिळाला: चौकटीत सूर ठेवा आणि वाजवा. त्याच महिन्यात माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या खेळाच्या बीटा आवृत्तीत नोट ब्लॉक, म्हणजे सूर वाजवणारा ठोकळा, आला. तिथे तयार काहीच नाही, रेडस्टोनची धूळ (खेळातली वीज वाहून नेणारी तार) आणि रिपीटर (ती वीज थोडी थांबवून पुढे देणारा ब्लॉक) मांडून सिक्वेन्सर आपणच बांधायचा. आपल्या गावांत प्लेस्टेशन असलेलं घर क्वचित, मोबाइलवरचं माइनक्राफ्ट मात्र पारावरही चालतं. म्हणून इथे लिहितोय ते त्याच्याबद्दल.

पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, सगळं तं बरोबर लावलं, मंग वाजत काहून नाही?" वाजतं, पण भलतंच वाजतं. ब्लॉक सहसा धड असतात, मोजणीत गडबड असते.

सुराचे टॅप

सगळ्यात जास्त गाणी इथेच बिघडतात. नोट ब्लॉकवर एक टॅप केला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. पोरं सा ला शून्य, रे ला एक, ग ला दोन, म ला तीन असे टॅप देत जातात, आणि मग आईलाही ते गाणं ओळखता येत नाही. शुद्ध स्वरांत सा-रे, रे-ग, म-प, प-ध, ध-नी यांच्यात दोन टॅपचं अंतर असतं. ग-म आणि नी-सा यांच्यात मात्र एकाच टॅपचं. खात्री नसेल तर भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडे जाऊन काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या ओळीने मोजा.

पुढची चूक म्हणजे सा भलत्या जागी धरणं. ब्लॉकमध्ये एकूण २५ सूर आहेत, म्हणजे दोन सप्तकं. एकही टॅप न केलेला ब्लॉक पेटीवरच्या काळी तीनचा सूर देतो. तोच सा धरला तर खाली उतरायला जागाच नाही. भजनाच्या चाली तर मंद्र पंचमापर्यंत सहज जातात. म्हणून सा पाच टॅपवर ठेवा, पेटीच्या भाषेत पांढरी सात. मग मंद्र प ०, मंद्र ध २, मंद्र नी ४, सा ५, रे ७, ग ९, म १०, प १२, ध १४, नी १६, तार सा १७, आणि वर तार पंचम २४. कोमल स्वराला एक टॅप कमी: कोमल ग ८, कोमल नी १५. हा तक्ता वहीत उतरवून घ्या आणि गाणं आधी कागदावर लिहा, मग फोन उघडा.

सुरुवात भुलाबाईच्या गाण्याने करा असं मी मुद्दाम सांगतो. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी ही गाणी म्हणतात, त्यामुळे चाल घराघरात पाठ असते आणि चुकलं की शेजारची काकूही सांगते. चाली थोड्याच स्वरांत फिरतात. उलट, मींडेने भरलेली चाल घेऊन बसलात तर हात टेकाल, कारण हा ब्लॉक एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊच शकत नाही.

टॅप मागे घेता येत नाही. एक जास्त पडला तर २४ टॅप मारून पूर्ण फेरी घ्यावी लागते, त्यापेक्षा ब्लॉक फोडून नवा ठेवलेला बरा. आणि बोट दाबून धरू नका, क्रिएटिव्ह मोडमध्ये (जिथे सगळं सामान फुकट मिळतं) ब्लॉक तिथल्या तिथे फुटतो. मोबाइलवर टॅपचा आकडा दिसत नाही, पण वर उडणाऱ्या सुराच्या चिन्हाचा रंग बदलतो: हिरव्यापासून लाल, जांभळा, निळा होत २४ ला परत हिरवा. अंदाज घ्यायला तेवढं पुरतं.

खालचा ब्लॉक

कोणतं वाद्य वाजणार ते नोट ब्लॉकच्या खाली काय ठेवलंय त्यावर ठरतं. २०११ मध्ये पाच वाद्यं होती, आता पंधराहून जास्त आहेत. क्ले ब्लॉकवर बासरी, लोकरीवर गिटार, सोन्यावर घंटा, गवताच्या गठ्ठ्यावर बँजो. (वरातीतल्या बँजो पार्टीची अपेक्षा ठेवू नका, हा बँजो वेगळा.) चूक अशी होते की दिसायला छान म्हणून अर्धी ओळ गवतावर आणि अर्धी सोन्यावर मांडली जाते. टॅप तेवढेच असले तरी बासरी एक सप्तक वर वाजते, घंटा दोन सप्तकं वर, गिटार एक सप्तक खाली आणि लाकडावरचा बास दोन सप्तकं खाली. मग चाल मध्येच उडी मारते आणि पोरगं बिचारं टॅप मोजत बसतं. एका ओळीला एकच वाद्य ठेवा.

ठेक्यासाठी दगडावर ढोलाचा ठोका, वाळूवर स्नेअर ड्रम, काचेवर टिकटिक. खंजेरीच्या भजनाची सवय असलेल्या कानाला हे कोरडं वाटतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीने ज्या अमरावती जिल्ह्यात गावंच्या गावं जागवली, तिथे तर नक्कीच. पण एक युक्ती आहे. ठेक्याच्या ब्लॉकलाही टॅप लागू पडतात. वाळूवरच्या ब्लॉकला जास्त टॅप दिले की आवाज पातळ होऊन थापेजवळ येतो, आणि काचेचा वरचा सूर झांजेची जागा घेतो.

प्रवाह अडकतो तो

एकच पंचम गाण्यात चार वेळा येतो म्हणून एकाच ब्लॉकला चार ठिकाणांहून धूळ जोडायची, ही काटकसर महागात पडते. नोट ब्लॉक प्रवाह सुरू होतानाच वाजतो, चालू प्रवाहात दुसऱ्यांदा वाजत नाही. दगडी बटणाचा प्रवाह १ सेकंद टिकतो, लाकडी बटणाचा १.५ सेकंद. लगेचचा दुसरा 'प' त्या काळात आला तर गप्प. शिवाय धुळीतून प्रवाह उलटा फिरून पुढचे सूर आधी वाजवतो. प्रत्येक सुराला स्वतंत्र ब्लॉक द्या, क्रिएटिव्हमध्ये ब्लॉकला पैसे पडत नाहीत. दोन ओळींची धूळही शेजारीशेजारी ठेवू नका, ती आपोआप जुळते.

ठेका गोल फिरवायचा असेल तर बटण बघून निवडा. दादऱ्याच्या सहा मात्रा, प्रत्येक मात्रेला रिपीटरचे दोन टिक (एक टिक ०.१ सेकंदाचा), म्हणजे पूर्ण फेरी १.२ सेकंदांची. लाकडी बटणाचा प्रवाह त्याहून लांब, त्यामुळे शेपूट संपायच्या आत तोंड परत येतं, अख्खी फेरी लाल होऊन बसते आणि ठेका बंद. धुळीचा एक तुकडा काढून फेरी विझवा आणि दगडी बटण लावा. आठ मात्रांचा भजनी ठेका १.६ सेकंदांचा, तो लाकडी बटणावरही जेमतेम निभतो.

छोटा प्रवाह हवा म्हणून काही जण बटणासमोर ऑब्झर्व्हर (समोर बदल दिसला की छोटा प्रवाह सोडणारा ब्लॉक) लावतात. मग गाणं एकावर एक दोनदा सुरू होतं, कारण ऑब्झर्व्हर बटण दाबलेलंही बघतो आणि सुटलेलंही. तिथे बटणाऐवजी खटका लावा: एकदा हलवला की एकच ठोका.

लय

रिपीटरचा एक टिक ०.१ सेकंदाचा, आणि एका रिपीटरला एक ते चार टिक. मात्रेला पाच टिक दिले तर मिनिटाला १२० मात्रा होतात, चार दिले तर थेट १५०. मधलं काही नाही. भजनात शेवटी लय हळूहळू चढते, तशी इथे चढवता येत नाही, पायरीच घ्यावी लागते. १३० ची लय बसवायला रिपीटर उलटसुलट करत रात्र घालवू नका.

लय आपोआप ढिली पडत असेल तर रिपीटरला दोष देण्याआधी फोनला हात लावून बघा. खेळाचं सगळं घड्याळ सेकंदाला २० ठोक्यांवर चालतं आणि रेडस्टोन त्यालाच बांधलेला आहे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छताखाली फोन तापतो, प्रोसेसर स्वतःला आवरतो आणि ठोके कमी पडतात. गाणं मग बॅटरी उतरलेल्या टेपसारखं ओढत चालतं. चार्जिंग काढा, स्क्रीन रेकॉर्डिंग बंद करा, ग्राफिक्स कमी करा. नाहीतर सरळ पहाटे बसा.

गाणं अर्ध्यावर थांबत असेल तर कारण अंतर. हलक्या फोनवर सिम्युलेशन डिस्टन्स (आपल्याभोवती किती अंतरापर्यंत खेळ चालू राहतो ते) ४ चंक असतं, आणि एक चंक १६ ब्लॉकचा. सरळ रेषेत शेताच्या धुऱ्यासारखी लांबच लांब ओळ नेली तर टोकाचे रिपीटर झोपलेलेच राहतात. वाजले तरी नोट ब्लॉकचा आवाज साधारण ४८ ब्लॉकपर्यंतच पोचतो. ओळ नागमोडी दुमडा, किंवा मजले चढवा.

मजले चढवताना दोन गोष्टी. नोट ब्लॉकच्या डोक्यावरची जागा रिकामी हवी, वरच्या मजल्याची फरशी टेकली की तो मुका. आणि वरच्या मजल्यावर वाळू अधांतरी ठेवली तर ती खाली पडते, ठेक्याच्या जागी अचानक हार्प (खाली काही नसताना वाजणारं वाद्य) वाजू लागतो. वाळूखाली आधार द्या.

शेवटचं काम सेटिंगमध्ये जाऊन वर्ल्ड एक्स्पोर्ट करण्याचं. घरात फोन एकच असतो, मेमरी फुल्ल झाली की कोणीतरी खेळ अनइन्स्टॉल करतं, आणि बहुतेक वेळा त्यासोबत वर्ल्डही जातं. एक्स्पोर्ट केलेली फाइल मित्राला पाठवून ठेवा.