पिकअपचं नाक वर उचलताना: लेव्हलिंग किट घरी कसा बसवावा

फोर्ड एफ-१५० बाजूने पाहिली की पुढून खाली झुकलेली दिसते. तो दोष नाही. मागे सामान भरलं किंवा ट्रेलर जोडला की मागची बाजू दबते आणि गाडी सपाट होते, म्हणून कारखान्यातूनच ती मागून उंच ठेवलेली असते. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो: दर आठवड्याला जड ट्रेलर ओढत असाल तर लेव्हलिंग किटच्या (पुढची बाजू उचलून मागच्या पातळीला आणणाऱ्या सामानाच्या) वाटेला जाऊ नका. पुढून उचललेल्या गाडीवर मागे वजन पडलं की तिचं नाक आकाशाकडे जातं आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे घुसतात. बाकीच्यांनी खुशाल बसवावा. दिसायलाही बरं दिसतं आणि पुढे जरा मोठे टायर बसतात.

डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात काम करणारी मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात पिकअप उभी असते. माझ्या दोन आणि मित्रांच्या मिळून डझनभर गाड्यांना मी हा किट बसवला आहे. इथे लिहिलंय ते २०१५ ते २०२० च्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) एफ-१५० बद्दल. फोर-बाय-टू (फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी) असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलची सगळी काळजी वगळा.

किट घेताना स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर बसणारा स्पेसरच (जाड चकती) घ्या. स्प्रिंग दाबून आत बसवायचा प्रकार घरी करू नका. स्ट्रटच्या माथ्यावर कडेला तीन नट असतात आणि मधोमध एक. मधल्या नटाला पाना लावायचा नाही, कधीच नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने धरून ठेवलेली असते. तो सुटला तर हात जाईल, नाहीतर जीव. उंची दोन इंचच ठेवा. त्यापुढे गेलात की वरचा कंट्रोल आर्म (चाकाची बाजू चौकटीला जोडणारा दांडा) स्प्रिंगला घासायला लागतो आणि अ‍ॅक्सलचा कोन बिघडतो. ‘दोन इंची’ किट मागवला आणि खोक्यात जेमतेम इंच-सव्वा इंचाची चकती निघाली, तर फसवलं असं समजू नका. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे तिथला एक इंच चाकापाशी जवळजवळ दोन इंच होतो.

सुरुवातीला दोन मापं घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा आणि दिव्यांच्या उजेडाची वरची कड भिंतीवर चिकटपट्टीने आखा. मग मागच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक, दोन्ही बाजू एकदम वर, गाडीच्या चौकटीखाली (फ्रेमखाली) जॅक स्टँड. काढलेली चाकं चौकटीखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्या अंगावर नाही.

दोन्ही बाजू एकदम उचला असं म्हणतोय ते उगाच नाही. ‘एका वेळी एकच बाजू करा, सोपं पडतं’ हा सल्ला मला पहिल्या वेळी मिळाला होता आणि त्यात माझा अख्खा शनिवार गेला. स्वे बार (गाडी वळणावर कलू नये म्हणून असलेला आडवा दांडा) दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो. दुसऱ्या बाजूची लिंक (त्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी काडी) जागेवर असेल तर इकडचा खालचा आर्म हवा तेवढा खाली जातच नाही. तुम्ही पहारेवर लोंबकळत राहता आणि तो तसूभर हलत नाही. म्हणून सगळ्यात आधी दोन्ही बाजूंच्या लिंक सोडा. मिशिगनमध्ये बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सगळे नट गंजतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं.

मग टाय रॉडचं (स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक सोडा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ज्या क्लिपांत अडकवलेले असतात त्या क्लिपा सोडा. ब्रेक कॅलिपर काढायची गरज नाही.

आता खरा टप्पा, वरचा बॉल जॉइंट, म्हणजे वरचा आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांना जोडणारा सांधा. नट पूर्ण काढू नका, चार आटे शिल्लक ठेवा. मग नकलच्या त्या कानाच्या कडेवर, जिथे जॉइंटचा निमुळता दांडा बसतो तिथे, हातोड्याचे दोन-तीन जोरदार घाव घाला. ठप्प असा आवाज येतो आणि जॉइंट सुटतो. दुतोंडी पाचर ठोकून काढायचा सल्ला ऐकू नका, त्याने जॉइंटचं रबर हमखास फाटतं.

नट पूर्ण काढण्याआधी एक जाड पट्टा घ्या आणि नकल वरच्या आर्मला किंवा चौकटीला बांधून टाका. हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. नट काढल्याबरोबर नकल, रोटर, कॅलिपर असं सगळं ओझं बाहेरच्या बाजूला कलंडलं, अ‍ॅक्सल खेचला गेला आणि आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (अ‍ॅक्सलचा वाकणारा सांधा) रबरी बुटाच्या आतच निसटला. अंगणात काळं ग्रीस सांडलं, बूट फाटला, आणि दोन तासांच्या कामासाठी नवा अर्धा अ‍ॅक्सल विकत आणावा लागला. ब्रेकचा होजही ताणला गेला होता, तो वाचला हे नशीब. नकल आत झुकलेली राहिली पाहिजे, बाहेर कधीच नाही. हे एवढं पाळलं तर बाकीचं काम सुतारकामाइतकं सरळ आहे.

एफ-१५० ला आणखी एक नाजूक जागा आहे. नकलच्या आत व्हॅक्यूमवर चालणारा हब-क्लच (चाकाचा हब अ‍ॅक्सलशी जोडणारा-सोडणारा भाग) असतो. व्हॅक्यूम असला की हब मोकळा, नसला की अ‍ॅक्सलशी जोडलेला. अ‍ॅक्सल बाहेर सरकला आणि परत घालताना दाते नीट जुळले नाहीत, तर नट आवळताना तो क्लच तुटतो. म्हणून मी अ‍ॅक्सलचा नट उघडतच नाही. नकल नीट बांधलेली असली की उघडावा लागत नाही. व्हॅक्यूमच्या नळ्या मात्र कुठे ताणल्या-दबल्या नाहीत ना, हे पाहून घ्या.

स्ट्रटची बाहेरची बाजू रंगाने खूण करून ठेवा. खालचे दोन नट, मग वरचे तीन (शेवटचा काढताना एका हाताने स्ट्रट धरा), आणि स्ट्रट बाहेर. स्पेसर बसवा, खूण परत बाहेरच्या बाजूला येते का बघा.

परत घालताना बहुतेक जण खालून सुरुवात करतात आणि घामाघूम होतात. आधी वरचे तीन नट फक्त दोन-तीन आटे चढवा. स्ट्रट लोंबकळत राहू द्या. आता तो लांब झालाय, त्यामुळे खालची भोकं जुळणार नाहीत. इथे दुसरा माणूस लागतो. मी शेजारच्या मुलाला बोलावतो. तो लांब पहारेने खालचा आर्म दाबून धरतो आणि मी स्ट्रटचं खालचं टोक आत ढकलतो. आर्मचे चौकटीकडचे बोल्ट सैल करा असं सांगणारे भेटतील. मी करत नाही. ते बोल्ट चाक हवेत असताना आवळले तर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. कोणी केलेच असतील तर गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचं आवळावं.

बॉल जॉइंट जागेवर आणायला खालच्या आर्मखाली जॅक लावून सावकाश उचला. गाडी स्टँडवरून किंचित जरी उठली तरी तिथेच थांबा. नट फिरवताना दांडाही फिरायला लागला, तर वरचा आर्म पहारेने खाली दाबून धरा, मग नट पकडतो. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवे लावा, टॉर्क (आवळण्याचा जोर) फोर्डच्या मॅन्युअलमधला घ्या. स्वे बारच्या लिंक सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंच्या एकत्र.

खाली उतरवण्याआधी इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा. व्हॅक्यूम उतरल्यावर अ‍ॅक्सल चाकाबरोबर फिरला पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा आणि होज, वायर कुठे ताणली जाते का ते डोळ्यांनी बघा.

चाकांचे नट १५० फूट-पाउंडला, आमनेसामने. मापं परत घ्या. पहिल्या दिवशी आलेली उंची अंतिम मानू नका, गाडी थोडी बसते.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणं) त्याच आठवड्यात. गाडी सरळ चालतेय म्हणून पुढे ढकलू नका. पुढची उंची बदलली की टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो आणि टायरची एक कड गुपचूप झिजत जाते. ज्यांनी हे टाळलं त्यांचे टायर मी पाहिले आहेत, आतल्या कडेला तारा दिसत होत्या.

त्या रात्री गाडी परत त्याच भिंतीसमोर उभी करा आणि दिव्यांचा स्क्रू फिरवून उजेडाची कड चिकटपट्टीपर्यंत खाली आणा. १०० मैल झाले की चाकांचे आणि स्ट्रटचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.